मोगलाई : पैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची



गटाच्या बैठकीत कुणी न विचारता पेटीतले पैसे उचलले, की एखादी जाणती बाई हमखास म्हणते, "इथं काय मोगलाई लागली काय वं?" मोगलाई म्हणजे अंदाधुंदी, कुणाचा कुणाला हिशेब नाही असा कारभार. हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो की तो आला कुठून हे विचारायचं राहूनच जातं. आपल्या आज्या-पणज्यांसाठी मोगलाई हा खराखुरा मुलूख होता. अकोल्याहून पातूर, मालेगाव, वाशीम करत दक्षिणेला निघालं आणि पैनगंगा ओलांडली, की मोगलाई लागायची. हिंगोली, परभणी, नांदेड, जालना, औरंगाबाद, सगळा निजामाचा मुलूख. निजाम मूळचा मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार, म्हणून त्याचं राज्य ती मोगलाई. नदीच्या अलीकडे आपलं वऱ्हाड, इंग्रजांच्या कारभारातलं.

गेल्या सप्टेंबरात, १७ तारखेच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात, मी याच माइकवर रझाकारांच्या जुलमाबद्दल बोलले होते. बऱ्याच जणींना ते आवडलं, दोघी-तिघींनी फोनही केले. मग काही दिवसांनी एका गटाचं कर्ज-रजिस्टर तपासायला गेले, तेव्हा बैठक संपल्यावर एक सभासद मागे थांबली. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, मुसलमान. माहेर नांदेड जिल्ह्यातलं, लग्न होऊन इकडे आली त्याला तीस वर्षं झाली. म्हणाली, "ताई, तुमी रेडिओवर सांगतलं ते खरं हाय. पन अर्धंच सांगतलं." आणि तिने तिच्या आजीच्या गावातल्या एका विहिरीबद्दल सांगितलं. त्या विहिरीचं पाणी आजी नंतर कधी प्यायली नाही. त्याकडे मी येते.

मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. अमरावतीला बी.ए. केलं, तेव्हा हैदराबादचा विषय आमच्या पुस्तकात अर्ध्या पानात आटोपला होता. पण त्या बाईच्या बोलण्यानंतर घरी झोप लागेना, म्हणून पुन्हा पुस्तकं काढली. वाचता वाचता दुसऱ्याच एका गोष्टीने मला पकडलं. पैनगंगेपलीकडच्या माणसांवर जुलूम होत होता हे शंभर वर्षं सगळ्यांना माहीत होतं. इंग्रजांना माहीत होतं, आपल्या पुढाऱ्यांना माहीत होतं, पुढे दिल्लीच्या सरकारलाही माहीत होतं. प्रत्येकाने त्या जुलमाचा आवाज उठवला तो आपल्या सोयीने, आणि सोयीनेच तो बंदही केला.

आपण बचत गटवाल्या, तर सुरुवात कर्जापासून करू.

१८०३ मध्ये आपल्या तेल्हारा तालुक्यात अडगावला लढाई झाली. नागपूरकर भोसले हरले, पाठोपाठ मेळघाटातला गाविलगड पडला, आणि वऱ्हाड इंग्रजांनी आपल्या दोस्ताला, म्हणजे निजामाला देऊन टाकलं. दोस्ताला दिलं खरं, पण दोस्ताच्या गळ्यात एक फौजही बांधली. हैदराबाद कंटिन्जंट असं तिचं नाव. इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने ती उभी केली, अधिकारी इंग्रज, पगार गलेलठ्ठ, आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून, वर्षाला चाळीस लाखांच्या घरात. शांततेच्या काळात अशी कायमची फौज पाळायची असं कुठल्याही तहात लिहिलेलं नव्हतं. हे पुढे खुद्द लॉर्ड डलहौसीने मान्य केलं.

खजिना आटला, तेव्हा निजामाचा दिवाण चंदुलाल याने पामर नावाच्या पेढीकडून कर्ज उचललं. इंग्रजांनी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा त्यांच्याच पार्लमेंटचा कायदा होता. पण या पेढीला कलकत्त्याहून खास सवलत मिळाली. व्याज पंचवीस टक्क्यांपर्यंत! आपल्या गावच्या सावकारानेही तोंडात बोट घालावं. या पेढीत सर विल्यम रंबोल्ड नावाचा भागीदार होता आणि त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या घरात मुलीसारखी वाढलेली. सवलत कशी मिळाली हे मी वेगळं सांगायला नको. चार्ल्स मेटकाफ नावाचा रेसिडेंट आला, त्याने हे बिंग फोडलं. त्यानंतर पामरचं देणं फेडलं गेलं ते कशातून? उत्तर सरकार हा आंध्रातला किनाऱ्याचा मुलूख इंग्रजांकडे होता आणि त्यापोटी ते निजामाला दर वर्षी सात लाख रुपये देणं लागत होते. ते देणं एकरकमी तोडून, कायमचं मिटवून. म्हणजे निजामाचं कायमचं उत्पन्न गेलं, पेढी मोकळी झाली, आणि फौजेचा खर्च चालूच राहिला.

तो थकत गेला. १८५३ मध्ये डलहौसीने हिशेब पुढे केला. थकबाकी पन्नास लाखांच्या आसपास, द्या नाहीतर मुलूख तोडून द्या. २१ मे १८५३ ला तह झाला आणि वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे तीन मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले. निजामाच्या हातून सही घेणारा दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. पुढे, १८६० मध्ये, हैदराबादच्याच डेव्हिडसन नावाच्या इंग्रज रेसिडेंटाने लिहून ठेवलं की दोन्ही बाजूंचा हिशेब सरळपणे मांडला असता तर आपलं निजामाकडे काही घेणंच निघत नव्हतं. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतलं दारूचं उत्पन्न इंग्रज स्वतःच खात होते, ते निजामाच्या खात्यात जमा धरलेलंच नव्हतं. मैत्रिणींनो, जमेची बाजू कोरी ठेवून थकबाकी काढायची ही चलाखी आपणही कुठेकुठे पाहिलेली आहे.

कागदावर कारण कर्जाचं. पण तोंडी कारण कायम एकच असायचं, की या राजांच्या राज्यात रयतेचे हाल होतात, तिला कुणीतरी वाचवलं पाहिजे. १८५६ मध्ये अवध खालसा केलं ते उघड याच कारणाने. हाल होत नव्हते असं मी म्हणणार नाही. निजामाचे इजारदार मुलूख मक्त्याने घ्यायचे आणि मक्ता वसूल होईपर्यंत शेतकऱ्याला पिळायचे. वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यावर शेतकऱ्याच्या नावाने जमिनीची मोजणी झाली, रेल्वे आली, शाळा आल्या. आपल्या घरांत पहिली पाटी-पेन्सिल आली ती त्यानंतरच.

पण सात वर्षांनी काय झालं ते बघा. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांशी इमानी राहिला. म्हणून १८६० मध्ये इंग्रजांनी त्याला बक्षीस दिलं. ज्या पन्नास लाखांपायी मुलूख घेतला ती थकबाकी माफ केली, आणि धाराशिव आणि रायचूर परत दिले. वऱ्हाड दिलं नाही. आता सांगा, धाराशिवच्या रयतेला जुलमातून वाचवलं होतं, तर परत त्याच राजाच्या हाती कसं दिलं? सात वर्षांत निजामाच्या कारभारात असा कुठला सुधार झाला होता? झाला नव्हता. धाराशिवात वऱ्हाडासारखा कापूस नव्हता, एवढंच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांचा तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्या काळ्या मातीवर लंडनची नजर खिळली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी खास आगगाडी झाली, तिचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड, असं आपण अभिमानाने म्हणतो. आपण मोगलाईतून सुटलो ते या सोन्यामुळे, आपल्या आजोबांच्या हालांची कुणाला दया आली म्हणून नव्हे. हे मला कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

सालारजंग नावाचा हुशार दिवाण निजामाला मिळाला. त्याने पैसे भरून वऱ्हाड सोडवायची तयारी दाखवली, त्यासाठी १८७६ मध्ये विलायतेपर्यंत गेला. नाही मिळालं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेला, निजाम महबूब अली खानाला भेटला, आणि वऱ्हाड कायमच्या मक्त्याने लिहून घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये भाडं. लगेच निजामाला जी.सी.बी. हा मोठा इंग्रजी किताब मिळाला. तेव्हा लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला तो असा, 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे कर्झनला वऱ्हाड दिलं! आणखी एक गंमत. ज्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायी हे सगळं रामायण झालं, ती फौज वेगळी ठेवायची गरज नाही म्हणून १९०३ मध्ये हिंदी सैन्यात मिसळून टाकली. म्हणजे ज्यासाठी दागिना गहाण होता ते कारणच संपलं, दागिना मात्र सावकाराच्या तिजोरीत.

पहिल्या महायुद्धात निजामाने इंग्रजांना सढळ हाताने पैसा दिला. नवा निजाम मीर उस्मान अली खान, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. १९१८ मध्ये त्याला 'हिज एक्झाल्टेड हायनेस' असा, दुसऱ्या कुठल्याही संस्थानिकाला नसलेला किताब मिळाला, आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' हेही बिरुद. त्याने वऱ्हाड परत मागितलं, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ ला त्याला खरमरीत पत्र लिहिलं. हिंदुस्थानात सार्वभौम सत्ता इंग्रजांची आहे, संस्थानाच्या आतल्या कारभारात हात घालायचा अधिकार आम्हाला आहे, असा त्याचा मतलब. आणि हात घातलाही, महत्त्वाच्या काही खात्यांवर इंग्रज अधिकारी नेमायला लावले.

म्हणजे अधिकार होता आणि तो वापरताही येत होता. मग त्या काळात हिंगोली-परभणीच्या माणसाचं काय चाललं होतं? तिथे गश्ती निशाण ५३ नावाचं फर्मान होतं. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, तालीम काढायची तर परवानगी. मराठी मुलांनी शिकायचं उर्दूतून. लोकांनी भीत भीत 'महाराष्ट्र परिषद' काढली, तिचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झालं. या फर्मानाविरुद्ध लंडनहून कुणी खरमरीत पत्र लिहिलं नाही. उलट १९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाला खूश करायला नवा करार केला. वऱ्हाडावर नावापुरता हक्क निजामाचा, कारभार इंग्रजांचा. निजामाचा झेंडा इंग्रजांच्या झेंड्याशेजारी आपल्या वऱ्हाडात फडकणार, आणि त्याच्या थोरल्या मुलाला किताब 'प्रिन्स ऑफ बेरार', वऱ्हाडचे युवराज! त्या युवराजांनी आपल्यासाठी काय केलं हे मला कुठे सापडलं नाही.

पुढच्याच वर्षी निवडणुका झाल्या आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं, बायकांना तर फारच थोड्या. तरी अकोल्यात सभा होत होत्या, वर्तमानपत्रं सरकारला शिव्या देत होती. पैनगंगेच्या पुलापलीकडे सभेचा अर्ज द्यायचा आणि वाट बघायची.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, ठीक आहे, इंग्रज तर परकेच. आता आपल्या माणसांकडे येते. इथे बोलताना मला जरा जड जातं.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. स्थापन होण्याआधीच, सप्टेंबरात, निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. मूल जन्मायच्या आधीच दाखल्यावर मेलं म्हणून लिहावं तसं. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ आणि शेकडो माणसं तुरुंगात गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या अधिवेशनात काँग्रेसने ठरवलं होतं की संस्थानांतल्या चळवळी तिथल्या लोकांनी स्वतःच्या बळावर चालवाव्यात, काँग्रेस आपल्या नावाने त्या चालवणार नाही. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने हैदराबादचा सत्याग्रह थांबवला गेला. आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह त्याच वेळी चालू होता, दोन्ही एकमेकांत मिसळून प्रकरण हिंदू-मुसलमानांचं होईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण बंदी उठली १९४६ मध्ये. पावणेआठ वर्षं! इंग्रजांनी काँग्रेसवर बंदी घातली की देशभर हरताळ व्हायचा. निजामाने घातलेल्या बंदीचं ओझं एकट्या मराठवाड्याने, तेलंगणाने आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांनी वाहिलं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने अभिमानाची आहे. त्याच थंडीत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलांनी वंदे मातरम म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच.

हिंदू महासभेने हैदराबादच्या हिंदूंसाठी सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली, कष्ट खरे होते. पण राजा हिंदू असला की महासभेचा सूर मऊ व्हायचा. १९४७ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणाने भारतात यायचं नाकारलं आणि संस्थान स्वतंत्र राहील असं जाहीर केलं, तेव्हा सावरकरांनी त्याला पाठिंबा कळवला. मुस्लिम लीगचं उलट. काश्मीरचा राजा हिंदू, प्रजा बहुतेक मुसलमान, तिथे प्रजेचे हाल लीगला दिसायचे. हैदराबादचा राजा मुसलमान, प्रजा बहुतेक हिंदू, तिथे राजाचा शब्द शेवटचा. कम्युनिस्टांनी तेलंगणात निजामाविरुद्ध शस्त्र उचललं, गरीब शेतकऱ्याला जमीन मिळवून दिली, आणि १९४८ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी भारत सरकारला विरोध म्हणून स्वतंत्र हैदराबादची बाजू घेतली. आपल्या गटात हप्ता चुकला की दंड आहे. अध्यक्षबाईंच्या जावेचा चुकला की मात्र, "असू द्या वं, अडचण असंल." मोठमोठ्या पक्षांचे ठराव वाचताना मला हेच वाक्य ऐकू येत होतं.

रझाकारांबद्दल मी मागच्या वेळी बोलले, ते मागे घेत नाही. कासीम रझवीच्या या टोळ्यांनी गावं जाळली, बायकांची अब्रू घेतली, माणसं मारली. बिलोलीच्या गोविंदराव पानसऱ्यांना १९४६ मध्येच अर्जापूरजवळ मारलं. मराठवाड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं पैनगंगा ओलांडून आपल्याकडे आली. उमरखेडसारख्या सीमेवरच्या गावांत लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या, जालन्याकडे दगडाबाई शेळके घोड्यावर बसून रझाकारांशी लढल्या. पण मागच्या वेळी मी एक नाव घ्यायला विसरले. शोएबुल्ला खान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचा तरुण संपादक. हैदराबाद भारतात यावं असं लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रात्री घराजवळ गाठून मारलं. माझ्या टिपणात हे नाव होतं. वेळ कमी म्हणून गाळलं, असं मी स्वतःला सांगितलं. नेमकं हेच का गाळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. सैन्य, रणगाडे, विमानं, आणि नाव 'पोलीस अ‍ॅक्शन'! निजामाच्या सरकारने ऑगस्टातच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली होती. दोन देशांतलं युद्ध म्हटलं तर जगाला बोलायचा हक्क, पोलिसांचं काम म्हटलं तर घरातली बाब. आजही मराठवाड्यात म्हातारी माणसं 'पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला' असंच म्हणतात.

आता ती विहीर.

निजाम पडला त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि आसपास बदला सुरू झाला. रझाकार पळाले किंवा पकडले गेले. जे कुठे पळू शकले नाहीत ते गावातले साधे मुसलमान, विणकर, कसाई, शेतमजूर, पोलीस पाटलाचा शिपाई. दिल्लीला बातम्या पोचल्या. पंडित नेहरूंनी तिघांची समिती पाठवली, पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ त्यांचा दौरा झाला. संस्थानाचे सोळा जिल्हे, त्यातले नऊ ते फिरले. त्यांचा अंदाज असा की कमीत कमी सत्तावीस हजार आणि चाळीस हजारांपर्यंत माणसं मारली गेली. सर्वांत वाईट चार जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. उस्मानाबाद म्हणजे तेच धाराशिव. १८५३ मध्ये वाचवलेलं आणि १८६० मध्ये परत केलेलं.

बायकांवर अत्याचार झाले, बायका पळवल्या गेल्या, कितीतरी जणींनी विहिरीत उड्या घेतल्या. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनीच लुटीला हात लावला, असंही समितीने लिहिलं. काही अधिकाऱ्यांनी माणसं वाचवली हेही लिहिलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातल्याचीही नोंद त्यात आहे. एकाच धंद्यातली माणसं, एकाच मागाचा आवाज ऐकणारी. अहवालातला हा भाग मी दोनदा वाचला.

त्या बाईच्या आजीची मोठी जाऊ आणि तिच्या दोन मुली त्या विहिरीत गेल्या. आजी तेव्हा माहेरी बाळंतपणाला होती म्हणून राहिली.

समिती मराठवाड्यात फिरत होती त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ ला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसं' असं करायला लावलं ते आपल्या हंसा मेहतांनी. हे मी प्रत्येक महिलादिनाला सांगते आणि यापुढेही सांगेन, कारण ते फार मोठं काम होतं. पण तोच डिसेंबर होता, हे मला या वर्षी पहिल्यांदा लक्षात आलं.

अहवाल दिल्लीत पोचला. सरदार पटेलांना तो पटला नाही, असली समिती सरकारने पाठवलीच नव्हती असा त्यांचा पवित्रा होता. अहवाल छापला गेला नाही. आग पुन्हा भडकेल ही भीती होती, असं सरकारच्या बाजूने म्हणता येईल. नव्या देशाला पहिलं वर्ष झालेलं, फाळणीच्या जखमा ओल्या, काश्मीरमध्ये लढाई चालू. मी हे सगळं समजू शकते. पण पाच वर्षांनी? वीस वर्षांनी? २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचकांना बघायला मिळू लागला, असं कळतं. पासष्ट वर्षं. निजामाच्या जुलमाची कागदपत्रं मात्र आपण लगेच उघडली, त्यावर धडे लिहिले, माझ्यासारखीने भाषणं केली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

आणि ज्याच्या राज्यात हे सगळं झालं त्या निजामाचं काय झालं? रझाकार त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते, असं त्याने सांगितलं आणि ते मानून घेतलं गेलं. रझवीला तुरुंग झाला, तो १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. निजामाला वर्षाला पन्नास लाखांचा तनखा ठरला. पन्नास लाख, म्हणजे १८५३ मध्ये ज्याच्यासाठी वऱ्हाड गेलं तेवढीच रक्कम, हा योगायोग. २६ जानेवारी १९५० ला भारताची राज्यघटना लागू झाली, सभा घ्यायचा आणि बोलायचा हक्क सगळ्यांना मिळाला, आणि त्याच दिवसापासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून नेमणूक झाली मीर उस्मान अली खान यांची. गश्ती निशाण ५३ ज्यांच्या राजवटीत होतं तेच. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते राजप्रमुख होते. राज्य शांतपणे चालावं म्हणून असेल. अर्जापूरच्या पानसऱ्यांच्या घरात हे कसं वाटलं असेल, आणि विहिरीकाठच्या घरात कसं वाटलं असेल, दोन्ही मी कल्पनाच करते.

हे बोलणं लिहून झाल्यावर मी त्या बाईला वाचून दाखवलं. आजीचं लिहिलेलं आलं तेव्हा तिने मान हलवली, एके ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती मी केली आहे. मी म्हटलं, रेकॉर्डिंगला तुम्हीच या, तुमच्या तोंडून लोक ऐकतील. ती म्हणाली, "नाई ताई. माह्या भावाचे लेकरं अजून त्याच गावात राह्यते." म्हणून तिचं नाव मी घेतलं नाही, गावाचंही नाही.